नवव्या प्रकरणातला वेताळ

१

पुतळीनं पुस्तकाचं पहिलं पान वाचलं आणि पान न उलटताच दुसरं पान घडाघडा म्हणून दाखवलं.

गोकुळ भोये टेबलापलीकडे बसून नव्या पुस्तकांवर वाचनालयाचा शिक्का मारत होता. शिक्का हातातच राहिला. त्यानं पुस्तक तिच्याकडून घेतलं, दुसरं पान काढलं आणि ओळींवर बोट ठेवून ताडून पाहिलं. ‘आईनं विचारलं, किती भरलं? मी खोटं सांगितलं.’ काना-मात्रेचाही फरक नाही.

“अगं, ही पुस्तकं परवा नाशिकहून आलीत. गठ्ठा मी आत्ता सोडला. तू कधी वाचलंस?”

“वाचलं नाय, दादा,” पुतळी म्हणाली. “मी लिवलंय हे.”

आणि एवढं बोलून ती मटकन बाकावर बसली.

गोकुळनं एकतीस वर्षं जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर एसटीत कंडक्टरकी केली होती. निवृत्त झाला आणि घरी बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा गावच्या वाचनालयाचं काम अंगावर घेतलं. कोण तिकीट न काढता बसलंय हे तो मागच्या बाकावरच्या माणसाच्या मानेवरून ओळखायचा. त्यामुळे गावात काही हरवलं, कुठे काही लपवाछपवी झाली, की लोक आधी गोकुळकडे येत आणि मग पोलिसांकडे. त्याला ते आवडायचंही. वरवर मात्र तो करवादायचा.

पुतळी धूम ही करंजपाड्याची अंगणवाडी सेविका. खोडाळ्यापासून पायी तासभर आत. वय छत्तीस. दर पंधरा दिवसांनी एसटी धरून पुस्तक बदलायला जव्हारला यायची. वावरकडे ब्याण्णव-त्र्याण्णव या दोन वर्षांत कुपोषणानं पोरं गेली, तेव्हा ती नवीनच सेविका झालेली, वजनकाटा खांद्यावर टाकून पाड्यापाड्यांत हिंडलेली. त्यावर तिनं सहा वर्षं लिहिलं. सहा वह्या. नाव दिलं ‘वजनकाटा’. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार एकमध्ये, त्या वह्या नाशिकला पाठवल्या आणि पार्सल एसटीत हरवलं. दुसरी प्रत नव्हती. तिनं कपाळाला हात लावला आणि गप्प बसली.

आता त्याच वह्या पुस्तक होऊन आल्या होत्या. वर नाव होतं ‘रानाचे अश्रू’. लेखक, ‘अरण्यसुत’. आतल्या पानावर बारीक अक्षरात छापलं होतं, सर्व हक्क लेखकाधीन.

“अश्रू म्हणे!” पुतळी एकदम उसळली. “माझ्या अख्ख्या पुस्तकात कोणी रडत नाय, दादा. रडायला अंगात ताकद लागते.”

गोकुळ तेव्हा जे बोलला त्याची त्याला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली. तो म्हणाला, “हे बघ पुतळी, नावाचं एवढं काय? पुस्तक छापलं गेलं, लोक वाचतायत. पुस्तक शेवटी वाचणाऱ्याचं.”

पुतळी उठली. पिशवी खांद्याला लावली.

“दुसऱ्या पुस्तकाच्या तीन वह्या भरल्यात घरी. अर्धं झालंय,” ती शांतपणे म्हणाली. “उद्यापासून चुलीला लावते. वाचणाऱ्यानंच लिवावं मंग.”

ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा. गोकुळ धडपडत तिच्या मागे धावला.

२

तिला त्यानं स्टँडवर गाठलं. पंधरा दिवस वह्यांना काडी लावू नकोस, एवढं कबूल करून घेतलं. मग एसटीडी बूथवरून नाशिकच्या प्रकाशकांना फोन लावला.

प्रकाशक भले गृहस्थ निघाले, पण त्यांचेही हात बांधलेले. अरण्यसुत यांना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. वह्या नव्हे, स्वच्छ अक्षरात नक्कल केलेले कागद आले होते, जव्हारच्या पोस्टाचा शिक्का होता. पत्ता नुसता पोस्टातल्या पेटीचा, आणि ती कोणाची हे पोस्ट सांगत नाही. “मानधन नको, नाव गुप्त ठेवा, एवढीच त्यांची अट. पुस्तक मात्र गाजतंय हो! दुसरी आवृत्ती पंधरा दिवसांनी छापायला जाईल. तुमच्या बाईंचं असेल तर पुरावा आणा, त्याच दिवशी नाव बदलतो. नुसत्या शब्दावर कसं बदलू?”

गोकुळला राग आला, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. त्याच संध्याकाळी त्यानं कोर्टातल्या ओळखीच्या वकिलाला गाठलं. वकिलानं एवढंच सांगितलं की नोंदणी केली नसली तरी लिहिलं त्या क्षणापासून हक्क लिहिणाऱ्याचा. फक्त कोणी लिहिलं हे दाखवता आलं पाहिजे.

वह्या तीनच माणसांच्या हातांतून गेल्या होत्या. पुतळीनं क्रमानं सांगितलं. आधी सुदर्शन गुरुजींनी शुद्धलेखन तपासलं. मग हर्षदानं कॉम्प्युटरवर टाईप करायला घेतलं. शेवटी पंढरीनं वह्यांचं पार्सल नाशिकला न्यायला घेतलं.

सुदर्शन गुरुजी म्हणजे जव्हारातलं बडं प्रस्थ. निवृत्त मुख्याध्यापक, लाल शाईचं पेन कायम खिशात. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा चुका काढून ती यजमानाला परत देणारे. पदरमोड करून दोन कवितासंग्रह काढले होते. ते वाचनालयात होते आणि बारा वर्षांत एकदाही कोणी घरी नेले नव्हते. हे फक्त गोकुळला माहीत होतं.

“चोरी?” गुरुजी हसले. त्यांनी गोकुळला चहा दिला. “गोकुळराव, शब्दांची कसली चोरी? जात्यावरच्या ओव्या कोणाच्या? आपल्या लग्नातली गाणी कोणाची? कोणी नाव लावलं? तरी हजारो झालीच ना? कायद्यानं लेखक तयार होत असते, तर सरकारनं कायदे पेरून कवी पिकवले असते!”

गोकुळलाही हसू आलं. मुद्दा बिनतोड वाटला. “पण गुरुजी, तिचा जीव तुटतोय.”

“तुटू दे. खरा लेखक असेल तर लिहीलच. हक्क मागतो तो व्यापारी.” गुरुजींनी कप खाली ठेवला. “मी तिच्या वह्या तपासल्या आणि परत दिल्या. र्‍हस्व-दीर्घ सोडून कशाला हात लावला नाही. लिखाण बरं होतं. थोडं गावठी. त्यात तो बोहाडा, ती सोंगं, ते मुखवटे... आम्ही मूळचे मोखाड्याच्याच बाजूचे, पण मी असलं काही मानत नाही. अंधश्रद्धा नुसती.”

हर्षदाचं टायपिंगचं दुकान स्टँडमागे होतं. ती जव्हार गावातच वाढलेली, तरुण, तोंडानं फटकळ.

“मी टाईप करते काका, वाचत नाही. वाचत बसले तर दुकान बंद करावं लागेल.” तिची बोटं चालूच होती. “पुतळीताईंच्या दहा प्रकरणांपर्यंत आले होते. गुरुजींनी लाल शाईनं तपासलेल्या वह्या समोर ठेवूनच टाईप करत होते. मग त्यांना घाई झाली, वह्याच पाठवते म्हणाल्या. फ्लॉपी? ती कधीच पुसली. फ्लॉप्या काय झाडाला लागतात?”

“तुला काय वाटतं गं, नाव गेलं तर माणसानं लिहिणं सोडावं का?”

बोटं थांबली. “मी टायपिंगच्या परीक्षेचं पुस्तक केलं होतं. सहा महिने रात्रंदिवस बसून. शेजारच्यानं झेरॉक्स मारून माझ्याच मुलांना विकलं. तुम्हाला माझं दुसरं पुस्तक दिसतं का कुठे?”

टायपिंगच्या कामासाठी नाशिकच्या प्रकाशकांचा नंबर तिलाही पाहिजे होता, आणि गोकुळला तिचा. तिनं टेबलाखालच्या ढिगातून एक पाठकोरा कागद ओढला, त्यावर दुकानाचा नंबर लिहून दिला. बिघडलेली छपाई ती फेकत नसे. मागची कोरी बाजू मुलांना सरावाला द्यायची. गोकुळनं कागद घडी घालून खिशात टाकला.

राहता राहिला पंढरी.

३

पंढरी पंचायत समितीत कारकून. पुतळीचा चुलत दीर, करंजपाड्याचाच. गोकुळला पाहताच तो फाईलमध्ये तोंड खुपसून बसला.

“पार्सल कोणत्या गाडीत हरवलं रे?”

“नाशिक गाडीत. सकाळच्या. वर रॅकवर ठेवलं होतं, उतरताना नव्हतं.”

“कोणत्या बाजूच्या रॅकवर?”

“डाव्या... नाय, उजव्या.”

“कंडक्टर कोण होता?”

पंढरीला घाम फुटला. गोकुळनं एकतीस वर्षांत अशा घामाचे शेकडो प्रवासी पाहिले होते. हा माणूस त्या गाडीत बसलाच नव्हता! गोकुळचं पित्त खवळलं, कारण दोन वर्षं सगळा मुलूख एसटीच्या नावानं बोटं मोडत होता.

“पंढरी, माझ्या गाडीला खोटं लावू नको. पार्सल कोणाला दिलंस?”

“दादा, पाया पडतो,” पंढरी कुजबुजला. “वहिनीचं वाटोळं झालं ते माझ्या हातनं झालं, एवढं खरं. पण चोरी मी केली नाय. नाव घेतलं तर माझ्या पोरीचं नुकसान होईल. ती शिकतेय.”

आणि त्यानं परत फाईलमध्ये तोंड खुपसलं. मुख्य साहेब बाहेर आले तेव्हा गोकुळला उठावंच लागलं. आता दोनच शक्यता होत्या. पंढरी कोणालातरी घाबरत होता, किंवा पंढरी फार चांगला नट होता. बोहाड्यात नाचणारी माणसं ही. नट असणं काही अवघड नाही.

४

तीन दिवस गोकुळ ‘रानाचे अश्रू’ वाचत बसला. दुपारी वाचनालयात चिटपाखरू नसायचं. बाहेर ऊन रणरणत होतं, मोहाची फुलं वेचायला गेलेल्या बाया परतत होत्या. दुसऱ्यांदा वाचताना तो नवव्या प्रकरणात अडखळला.

प्रकरण बोहाड्याचं. गावात रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचतात, एकामागून एक. नायिकेचा सासरा वेताळाचं सोंग घेतो. पान चौऱ्याण्णव म्हणत होतं, ‘वेताळ निघाला तेव्हा पूर्वेला तांबडं फुटत होतं.’ आणि पान शहाण्णववर तोच सासरा मुखवटा उतरवून, घाम पुसून नागलीची पेज पीत बसलेला. तो सुनेला म्हणतो, ‘अजून अर्धी रात बाकी हाय, रावण यायचाय.’

गोकुळ खुर्चीत ताठ झाला. तांबडं फुटल्यावर अर्धी रात कशी बाकी राहील?

सहा वर्षं पोटाशी धरून लिहिणारी बाई असली चूक करणार नाही. तो तडक खोडाळ्याची गाडी धरून करंजपाड्याला गेला.

पुतळी अंगणवाडीत पोरांना खाऊ वाटत होती. शेजारी धाकली सुईण बसली होती. नाव धाकली, वय सत्तरीपार. निम्मा पाडा तिच्या हातावर जन्मलेला. गोकुळनं पुतळीला एवढंच विचारलं, “तुझ्या वहीत वेताळ कधी निघतो?”

“चौथा. गणपती, शारदा, मारुती, मंग वेताळ. आमच्याकडं तसंच असतं. माझा सासराच घ्यायचा.”

“छापलंय पहाटेचं. देवीच्या आधी.”

पुतळीनं पुस्तक हिसकावून घेतलं, वाचलं, आणि तिचा चेहराच बदलला. पहिल्या पानाच्या पुढे तिनं ते वाचलंच नव्हतं. “हे मी नाय लिवलं!”

“पहाटंचा वेताळ आमचा नव्हं,” धाकली म्हणाली. “दुसऱ्या गावचा असंल. दर गावची रीत येगळी.”

“मावशी, समजा दुसऱ्या घरानं तुमचा वेताळ नाचवला तर?”

“हात तर लावून बघ म्हणावं!” म्हातारी खवळली. “धुमांचा वेताळ धुमांनीच घ्यायचा. त्यांचा मान हाय तो. म्हनून तर दर साल रंग देतात, उंदरा-वाळवीपासून जपतात, पोरालाबी नाच शिकवतात. समद्यांचा असता तर कवाच पावसात कुजला असता.”

गुरुजींचा तो बिनतोड मुद्दा त्याच्या डोक्यात आठवडाभर बसला होता, तो या म्हातारीनं एका दमात उखडून टाकला. ओव्यांना नाव नसेल, पण सोंगाला घर होतं. आणि घर होतं म्हणून सोंग टिकलं होतं.

“पुतळी,” तो म्हणाला, “मी त्या दिवशी मूर्खासारखं बोललो. पुस्तक वाचणाऱ्याचं असतं, पण आधी लिहिणाऱ्याचं असतं.”

परतीच्या गाडीत तिकिटाचे सुटे काढायला त्यानं खिशात हात घातला. हर्षदानं दिलेला कागद हाताशी आला. त्यानं तो सहज उलटा करून पाहिला आणि शेजारचा प्रवासी दचकेल एवढ्या मोठ्यानं ओरडला, “सापडला!”

५

रविवारी सकाळी गोकुळनं चौघांना वाचनालयात बोलावलं. कारण सांगितलं करंजपाड्याच्या बोहाड्याच्या पत्रकाचं. पुतळी भिंतीला टेकून उभी होती. पंढरी दाराजवळ, पळायच्या बेतात. हर्षदा घड्याळ बघत होती. गुरुजी खुर्चीत.

“पत्रक हर्षदा छापणार,” गोकुळ म्हणाला. “पण चूक राहिली तर गावाची शोभा. सोंगांच्या क्रमाची यादी गावानं दिलीय. तीन प्रती केल्यात. तिघांनी एकदा नजर घाला.”

हर्षदानं यादी वाचली, “ठीक आहे, दोन रकाने करते,” म्हणाली आणि परत दिली. पंढरीनं बोट फिरवलं. “बरोबर हाय. आमच्या गावचंच हाय.”

गुरुजींनी पेन काढलं. एक वेलांटी दुरुस्त केली. मग त्यांचं पेन चौथ्या ओळीवर थांबलं. त्यांनी ‘वेताळ’ला गोल केला आणि लाल बाण ओढून त्याला पार खाली, देवीच्या बरोबर आधी नेऊन बसवलं.

पुतळीचा हात तोंडावर गेला.

“हे काय केलंत, गुरुजी?” गोकुळनं विचारलं.

“चुकलंय. वेताळ पहाटे निघतो.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? सगळीकडे!”

“सगळीकडे नाही.” गोकुळ खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. “एकतीस वर्षं मी मुक्कामाच्या गाड्या केल्या. रात्री गाडी गावात थांबायची आणि आम्ही ड्रायव्हर-कंडक्टर बोहाडा बघायचो. या दोन तालुक्यांत मी मोजून छत्तीस गावांचे बोहाडे पाहिलेत. वेताळ कुठे दुसरा, कुठे चौथा, कुठे सातवा. पहाटे, देवीच्या आधी, तो फक्त एका गावात निघतो. वडपाड्यात. तिथे म्हणतात, वेताळ आधी निघाला तर गावाला वर्ष वाईट जातं. तिथल्या वेताळाच्या घरी मी जेवलोय. घरधनी म्हणाला होता, धाकटा भाऊ शिकून जव्हारला मास्तर झाला, आता गावाकडं फिरकत नाही.”

गुरुजींचं पेन टेबलावर पडलं.

“या पुस्तकातही,” गोकुळनं ‘रानाचे अश्रू’ उघडलं, “कोणीतरी वेताळ चौथ्यावरून उचलून पहाटेवर नेलाय. पण दोन पानांपुढचा सासरा तसाच पेज पीत राहिला. नक्कल करणाऱ्याला सगळं पुस्तक ढापताना काही वाटलं नाही. आपल्या घरचं सोंग भलत्या जागी लिहायला मात्र त्याचा हात धजावला नाही. हर्षदा जव्हारची, तिला वेताळ चौथा काय नि चाळिसावा काय. पंढरी करंजपाड्याचा, त्याला चौथाच बरोबर. राहिलं कोण?”

“हे हास्यास्पद आहे!” गुरुजी गरजले. “वह्या तपासताना मीच दुरुस्ती केली असेल. तपासनीस होतो मी. त्यानं चोर ठरत नाही माणूस!”

“केली असेल,” गोकुळ म्हणाला. “मला तेच म्हणाला असतात तर मी अडकलो असतो. पण तुम्ही म्हणालात, र्‍हस्व-दीर्घ सोडून कशाला हात लावला नाही. आणि हे बघा.”

त्यानं खिशातून हर्षदाचा पाठकोरा कागद काढला. एका बाजूला टेलिफोन नंबर. दुसऱ्या बाजूला, शाई थोडी फिसकटलेली, पण सगळं वाचता येत होतं. ‘पुतळी धूम. वजनकाटा. प्रकरण नववे. पान ७१.’ आणि खाली, ‘मारुती आत गेला आणि चौथा आमचा वेताळ निघाला. रात नुकती चढत होती.’

“माझीच बिघडलेली प्रत!” हर्षदा ओरडली. “दोन वर्षांपूर्वीची! प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव टाकते मी, नाहीतर गोंधळ होतो. आणि हे मी तपासलेल्या वहीवरूनच टाईप केलं होतं!”

“म्हणजे तपासून झाल्यावरही वेताळ चौथाच होता,” गोकुळ म्हणाला. “तो हलला पार्सल निघाल्यानंतर. आणि ज्याच्याकडे पार्सल गेलं त्यानं तो हलवला. पंढरी, आता तरी बोल. तुझ्या पोरीचं काही बिघडत नाही, मी आहे.”

पंढरीला हुंदकाच फुटला. “मला त्या दिवशी रजा मिळाली नाय, दादा. गुरुजी नाशिकला चालले होते. स्टँडवर त्यांच्या हातात पार्सल दिलं. आठ दिवसांनी म्हणाले, हरवलं, माझं नाव घेऊ नको, गाडीत गेलं म्हण. माझ्या पोरीला शाळेत जागा त्यांनीच मिळवून दिली होती...”

सगळे गुरुजींकडे पाहत होते. म्हातारा एकदम लहान दिसायला लागला.

“चाळीस वर्षं लिहिलं मी,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं! एकही पत्र आलं नाही. हे छापून आलं आणि प्रकाशकांकडून पत्रांचा गठ्ठा आला. लोक लिहीत होते, रात्रभर झोप लागली नाही. मी ती पत्रं रोज वाचायचो. माझी नाहीत हे ठाऊक होतं. तरी वाचायचो.”

“आणि हक्काचं काय म्हणालात मला?” गोकुळनं विचारलं. “व्यापारी म्हणालात. मग आतल्या पानावर ‘सर्व हक्क लेखकाधीन’ कशाला छापून घेतलंत?”

गुरुजींनी उघडं पुस्तक मिटून दूर सारलं.

पुतळी पुढे आली. गोकुळला वाटलं ती आता त्यांच्या थोबाडीत देते. दिली असती तर तो मध्ये पडला नसता.

“माझ्या वह्या जाळल्या?” तिनं विचारलं.

“नाही. जमलं नाही. पेटीत आहेत. सहाही.”

पुतळीनं डोळे मिटले. मग टेबलावरचं लाल पेन उचलून तिनं त्यांच्या हातात दिलं. “मना पोलिस नको. पण पत्र आत्ता लिवा. नाशिकला. तुमच्या हातानं, तुमच्या खऱ्या नावानं. आणि ती लोकांची पत्रं द्या. ती माझी हायेत.”

गुरुजींनी लिहिलं. पत्रात एकही चूक नव्हती.

६

दुसरी आवृत्ती दीड महिन्यानं आली. ‘वजनकाटा’, लेखिका पुतळी धूम. वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. करंजपाडा तर अख्खा उतरला होता, त्यांच्यासाठी गोकुळनं जुने संबंध वापरून जादा गाडी मिळवली होती आणि दारात उभा राहून सवयीनं ओरडत होता, “पुढे सरका, पुढे सरका, मधे जागा आहे!” हर्षदानं फुकटात बोर्ड केला होता. पंढरी वहिनीच्या मागे मागे पिशवी धरून फिरत होता. गुरुजी आले नाहीत. त्यांचे दोन कवितासंग्रह मात्र पुतळीनं गेल्या महिन्यात घरी नेऊन वाचले होते, हे गोकुळला रजिस्टरमुळे माहीत होतं.

नाशिकचे प्रकाशक दुसऱ्या पुस्तकाचा करारनामा घेऊनच आले. पुतळीनं तो सगळ्यांसमोर ओळ न् ओळ वाचला, पाऊण तास. लोक ताटकळले, पण कोणी उठलं नाही. एका ओळीवर तिनं बोट ठेवलं.

“हक्क तुमच्याकडे असं लिवलंय.”

“तशी पद्धत आहे, ताई...”

“छापायला देते. इकत नाय. खोडा.”

प्रकाशकांनी गोकुळकडे पाहिलं. गोकुळनं खिडकीबाहेर पाहिलं. प्रकाशकांनी हसत हसत ओळ खोडली, बाजूला सही केली, आणि असा काही टाळ्यांचा कडकडाट झाला की बाहेरच्या आंब्यावरची पाखरं उडाली. करंजपाड्याच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. गोकुळनंही एक मारली. वाचनालयात शांतता राखा अशी पाटी त्याच्याच डोक्यावर होती.

समोरून एका पोरसवदा मास्तरनं विचारलं, “पण ताई, तुम्ही हक्कासाठी लिहिता का?”

पुतळीनं करारनामा बाजूला ठेवला. “पहिलं लिवलं तवा हक्क असतो हेच ठावं नव्हतं. पोरांची वजनं डोक्यात होती, ती उतरवली. तवा गुरुजी दादांना म्हणाले ते अर्धं खरं हाय. पण चोरीला गेलं तवा कळलं, दुसरं लिवायला हातच उठंना. आता उठतोय. रोज चार पानं होतायत.”

एवढ्यात बायकांच्या गर्दीतून वाट काढत कोणीतरी टेबलापर्यंत आलं. धाकली सुईण होती. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. तिनं प्रकाशकांना वरपासून खालपर्यंत निरखलं आणि गोकुळसमोर बसकण मारली.

“पन्नास पावसाळे बाया मोकळ्या केल्या,” ती म्हणाली. “डोंगरात, नदीत, चालत्या बैलगाडीत. एकेकीची गोष्ट सांगंन तर तुम्ही जेवणं विसराल. आजवर कोणाला सांगितली नाय. सांगून काय, दुसराच कोणीतरी आपली म्हनून मिरवायचा. मना लिवता येत नाय. मी सांगते, तू लिव. चालंल ना कायद्यात?”

“चालेल, मावशी,” प्रकाशकच घाईघाईनं म्हणाले. “अगदी चालेल!”

गोकुळनं कोरी वही पुढे ओढली. पुतळी म्हातारीच्या शेजारी येऊन बसली.

“सांग मावशी. कुठून सुरू करू?”

धाकलीनं वहीच्या पहिल्या ओळीवर आपलं सुरकुतलेलं बोट दाबून धरलं.

“आधी माझं नाव लिव,” ती म्हणाली. “गोष्ट मंग.”